बाईंचा फळा आणि खाडीतलं निळं

बाईंच्या घरात ‘पाणी घाण आलंय’ असं म्हणायची सोय नव्हती. मी राहायला गेले त्याच आठवड्यात वरच्या नळाला गढूळ पाणी आलं आणि मी जिन्यावरून तसं ओरडून सांगितलं. बाई पडवीत बसून फणसाच्या आठळ्या सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “हे अनुमान झालं. आधी निरीक्षण सांगा.” मला काही कळेना. मग त्यांनी समजावलं. पाणी तांबूस आहे, तळाला काहीतरी बसतंय, वास येत नाही, हे निरीक्षण. घाण आहे, हे अनुमान. आणि अनुमान सगळ्यात शेवटी लिहायचं असतं. मी तांब्या भरून खाली नेला, दोघींनी तो उजेडात धरला, आणि ही नुसती लाल माती आहे, दुपारपर्यंत खाली बसेल, असा निर्णय झाला. तोवर माझी कचेरीची वेळ टळून गेली होती.

बाई म्हणजे माझ्या घरमालकीण. रत्नागिरीत खाडीकडे उतरणाऱ्या एका आळीत त्यांचं चिऱ्याचं कौलारू घर. खाली त्या, वरच्या दोन खोल्यांत मी. विमा कचेरीतली माझी बदली साताऱ्याहून इथे झाली, तेव्हा समुद्र मी फक्त सहलीत पाहिलेला होता आणि मासळीच्या वासाने माझं डोकं धरायचं. बाईंनी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर भावजय म्हणाली, आता तरी दोन बांगड्या करून घ्या. बाईंनी सूक्ष्मदर्शक आणला. भावजय त्यानंतर वर्षभर गणपतीलासुद्धा आली नाही, आणि हे सांगताना बाईंच्या चेहऱ्यावर फार दुःख दिसायचं नाही. आळीतले निम्मे लोक त्यांच्या हाताखालून गेलेले, त्यामुळे त्यांना नावाने हाक मारणारं कोणी उरलंच नव्हतं. सगळ्यांच्या त्या बाई.

गळ्यात काळ्या दोऱ्यात एक भिंग असायचं. भाजी घेताना, नोट घेताना, माझ्या ओढणीचा काठ बघताना ते डोळ्याला लागायचं. चहाच्या पिशव्या घरात आणायला बंदी होती, कारण एक पिशवी त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरली होती. भांडी घासायची हिरवी घासणी त्यांनी माझ्या मोरीतून उचलून नेली आणि नारळाचं सोडण, म्हणजे वरची काथ्याची साल, आणून ठेवलं. घासणी झिजते म्हणजे कुठे जाते, असा त्यांचा प्रश्न. मी म्हटलं, मोरीत. मोरीतून? गटारात. गटारातून? असं करत करत त्यांनी मला आमच्या मोरीपासून खाडीपर्यंत चालवत नेलं, तेही बसल्या जागी. खाडीतून पुढे? समुद्रात, मी म्हटलं. तिथून? “ताटात,” बाई म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या दिवसापासून सोडणाने भांडी घासून माझ्या हातांची पार सालटं निघाली, पण उलट बोलायची माझी छाती झाली नाही.

माझे पंजाबी ड्रेस हा त्यांच्या खास रागाचा विषय होता. ते सगळे कृत्रिम धाग्याचे, धुवायला सोपे, वाळायला त्याहून सोपे, आणि रत्नागिरीच्या दमट हवेत नोकरी करणाऱ्या बाईला दुसरं परवडतही नाही. बाईंनी एकदा माझ्या ओढणीचं खळबळलेलं पाणी फडक्यातून गाळलं आणि मला सूक्ष्मदर्शकात बघायला खाली बोलावलं. गोल उजेडात गुलाबी केसांचा गुंताच दिसला. मी म्हटलं, बाई, आता काय मी लुगडं नेसून विमे विकू? त्या हसल्या. पुढे त्यांनी मला एक जुना सुती पंचा दिला. कपड्यांचं पाणी त्यातून गाळून ओतायचं आणि वर राहील तो भुगा डब्यात टाकायचा. भुगा हा त्यांचा शब्द. मायक्रोप्लास्टिक म्हटलं की लोक मान डोलावतात आणि विसरतात, भुगा म्हटलं की फडकं शोधतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

फाटकाजवळच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, एक फळा टांगलेला होता. शाळेने मोडीत काढलेला, एका कोपऱ्याला तडा गेलेला. त्यावर बाई रोज सकाळी दोन ओळी लिहायच्या. ‘निरीक्षण’ असं डावीकडे आणि त्याखाली ‘अनुमान’. निरीक्षण: काल संध्याकाळी पऱ्ह्याला पांढरा फेस. अनुमान: वरच्या वसाहतीत सार्वजनिक पूजेची भांडी घासली. पऱ्ह्या म्हणजे आळीच्या कडेने खाडीत जाणारा ओहोळ. येणारे जाणारे थांबून वाचायचे. कोणी हुज्जत घातली आणि बाईंचं चुकलंय असं निघालं, तर त्या फडक्याने पुसायच्या नाहीत. चुकीवरून एक सरळ रेघ मारायच्या आणि खाली बरोबर काय ते लिहायच्या. खाडाखोड करणारा चोर आणि पुसणारा त्याहून मोठा चोर, असं त्यांनी शाळेत पिढ्यान् पिढ्या शिकवलं होतं. मी एकदा माझ्या दाराला चिठ्ठी लावली होती, ‘आज पाणी आलं नाही.’ संध्याकाळी परत आले तर त्यावर रेघ आणि खाली बाईंचं वळणदार अक्षर: ‘आलं होतं. तुम्ही उठला नव्हतात.’

आता मुळ्यांकडे येते. हे मुळे म्हणजे भाजीतले नव्हेत. आमच्याकडे घाटावर मुळा म्हटलं की भाकरी आठवते, इथे मुळे म्हणजे खाडीतल्या काळसर शिंपल्या. ओहोटी लागली की बायका खाडीत कमरेइतक्या पाण्यात उतरतात, पायांनी चिखल चाचपतात आणि मुळे वेचतात. शेवंती त्यांतली एक. टोपली डोक्यावर घेऊन ती बुधवारी आणि रविवारी आळीत यायची, आणि तिचं पहिलं थांबायचं ठिकाण बाईंची पायरी. बाईंना मुळ्यांचं सुकं जीव की प्राण. कांदा-खोबरं परतल्याचा वास वर यायला लागला की मी खिडकी लावून घ्यायची. शेवंती पायरीवर बसून आधी पाणी प्यायची, मग जगाच्या तक्रारी सांगायची, आणि बाई प्रत्येक तक्रारीला ‘हे अनुमान’ म्हणायच्या. शेवंती म्हणायची, “आसंल बाई, आमचा सगला आनुमानच.” दोघींचं जमायचं ते असं.

मुळे शिजवण्याआधी पाण्यात ठेवतात, म्हणजे ते पोटातली वाळू ओकतात. ते पाणी सगळं गाव मोरीत ओतून देतं. बाईंनी एका बुधवारी ते जुन्या लुगड्याच्या चौपदरी तुकड्यातून गाळलं. का, ते विचारू नका. त्या दिवशी गाळायला दुसरं काही नव्हतं म्हणून असेल. फडक्यावर वाळू राहिली आणि वाळूत निळं काहीतरी चमकलं. बाईंनी पुढच्या बुधवारी पुन्हा गाळलं, रविवारी पुन्हा. मग शिंपल्या उघडून आतलं मांस तपासलं. निळं होतंच. सूक्ष्मदर्शकाखाली तर चांगलंच दिसत होतं, बारीक निळे कण आणि तुसं. आणि जेट्टीवर निळ्या दोरांचे, निळ्या जाळ्यांचे ढीग पडलेले कोणी पाहिले नाहीत?

दिवाळी होऊन गेली होती. त्या दिवशी फळ्यावर लिहिलं गेलं: निरीक्षण: आपल्या खाडीतल्या मुळ्यांत निळं प्लास्टिक. अनुमान: ते बोटींच्या जाळ्यांचं.

दोन ओळी. सकाळी कोणीतरी फळ्याचा फोटो काढला. दुपारी माझ्या कचेरीतल्या शिपायाने तो मला स्वतःच्या फोनवर दाखवला, आणि संध्याकाळी माझ्याकडेच तो परत आला तेव्हा त्याच्याखाली ‘मुळे खाऊ नका, विषारी आहेत’ अशी तिसरी ओळ लागलेली होती. ती ओळ बाईंनी लिहिली नव्हती. पण ज्यांनी वाचलं त्यांना ते कुठे ठाऊक? फोटोत अक्षर बाईंचं होतं, आणि या गावात बाईंचं अक्षर म्हणजे परीक्षेचा निकाल.

रविवारी शेवंती आली ती भरल्या टोपलीने आणि आळीच्या खालच्या टोकाकडून. म्हणजे अख्खी आळी फिरून शेवटी आमच्या पायरीशी. तिने टोपली उतरवली. नेहमीसारखं पाणी मागितलं नाही. मी वरच्या खिडकीत होते. एक बोटवालाही सकाळीच येऊन सौम्यपणे विचारून गेला होता, की बाई, आमच्या जाळ्यांचा तुकडा घेऊन तुम्ही ताडून पाहिलात काय? बाईंनी त्याला चहा देऊन वाटेला लावलं होतं.

“बाई,” शेवंती म्हणाली, “तुमी लिवलात ता खोटा नसंल. तुमी खोटा लिवनार नाय. पन आता माजी टोपली कोन घेनार? पुढल्या म्हयन्यात मी लांज्याला जातंय. बहीन हाय तिथं, काजूच्या कारखान्यात लावते म्हनते.”

खाडीत उतरणाऱ्या बाईने लांज्याला जाऊन दिवसभर बसून काजू सोलायचे, घरी पोरं नि म्हातारी सासू टाकून. बाईंनी दोन वाटे मुळे घेतले, तेवढंच. शेवंती गेल्यावर त्या पायरीवर बसून राहिल्या आणि त्या दिवशी सुक्याचा वास वर आला नाही.

बोटवाल्याचा प्रश्न मात्र त्यांना चावत होता. ताडून पाहिलं होतं काय? नव्हतं. आयुष्यभर हजार पोरांना तुलनेची दुसरी बाटली ठेवा, ठेवा म्हणून सांगितलं, आणि स्वतः जेट्टीवरचा निळा ढीग नजरेने बघून अनुमान लिहून टाकलं. हे त्यांनी मला जेवताना सांगितलं, इतक्या शांतपणे की मला त्यांची भीती वाटली. मग त्या कामाला लागल्या. ज्या पाण्याने जाळं कधी पाहिलेलं नाही असं पाणी हवं. ते गाळायचं, त्यात निळं नसणार, आणि मग खाडीचं पाणी त्याच्याशेजारी ठेवायचं. नळाचं चालेना, ते धरणाचं, आणि धरणात मासेमारी होत नाही असं कोण सांगणार. विहीर पऱ्ह्याच्या कडेला. विकतच्या बाटल्या स्वतःच प्लास्टिकच्या. राहिलं आभाळाचं पाणी, आणि मार्गशीर्षात आभाळ कुठलं?

पण आलं. अवकाळी आला, भर दुपारी, आंब्यांना नुकता मोहोर धरत असताना. सगळी आळी कपाळाला हात लावून पडवीत उभी होती. आंबेवाले तर आभाळाकडे बघून काय काय बोलत होते ते लिहिता येणार नाही. आणि त्या सगळ्यांच्या देखत बाई साडीचा ओचा खोचून, डोक्यावर काही न घेता, स्टीलची बादली घेऊन अंगणात धावल्या. पडवीच्या बाजूने कौलांवरून जी पागोळी पडत होती तिच्याखाली त्यांनी बादली धरली आणि मला ओरडून लुगड्याचा धुतलेला तुकडा आणायला सांगितला. त्या इतक्या खुशीत होत्या की शेजारच्या काकांनी त्यानंतर आठवडाभर बाईंशी बोलणं टाकलं. काकांच्या दोन बागा होत्या, त्यांचंही खरंच होतं.

पाणी गाळलं. बाईंनी फडकं उचलून भिंगाखाली धरलं आणि तशाच उभ्या राहिल्या. त्यांच्या केसांतून पाणी निथळत होतं. मी विचारलं, काय झालं? त्यांनी फडकं माझ्यापुढे केलं. फडक्यावर निळं होतं.

आधी त्यांना वाटलं, फडकंच खराब. दुसरं उकळून घेतलं, पाऊस होता तोवर पुन्हा धरलं. पुन्हा निळं. मग त्यांना वाटलं माझ्या ओढणीचं असेल. त्या दिवशी माझी ओढणी पिवळी होती. मग दोघी पडवीत बसलो, आणि बसल्या बसल्या बाईंची मान हळूहळू वर गेली. माझीही गेली.

आमच्या डोक्यावर, पडवीच्या तोंडाशी, पावसाची झड आत येऊ नये म्हणून बांधलेली निळी ताडपत्री होती.

कोकणातल्या माणसाला इथे पुढचं सांगायला नको, पण घाटावरच्यांसाठी सांगते. इथे पाऊस वरून कमी आणि आडवा जास्त पडतो. पूर्वी घरांना बाजूने झाप लावायचे, म्हणजे माडाच्या चुडतांचे विणलेले पडदे. दरवर्षी नवे विणायचे, पावसाळा सरला की जाळायचे. मग विणणारी माणसं मुंबईला गेली, बाजारात ताडपत्री आली. स्वस्त, हलकी, चार खिळ्यांत बसणारी. पहिल्या वर्षी गडद निळी, दुसऱ्या वर्षी फिकी, तिसऱ्या वर्षी उन्हाने अशी कडक होते की बोट लावलं तर भुगा पडतो. तरी चौथ्या वर्षीही तीच लावतात, कारण अजून फाटलेली नाही. बाईंची तर पावसाळा संपूनही काढली नव्हती. मी त्यांना विचारलंही होतं, आणि त्यांनी आता काढू मग काढू केलं होतं. आळीत अशा किती घरांना होत्या ते बघायला मान फिरवावी लागत नव्हती. पावसाचं पाणी कौलांवरून ताडपत्रीवर, ताडपत्रीवरून अंगणात, अंगणातून पऱ्ह्यात, पऱ्ह्यातून खाडीत. मोरीपासून खाडीपर्यंत त्यांनी मला जी वाट दाखवली होती तीच ही वाट.

बाईंनी ताडपत्रीचा कोपरा कापला. बोटवाल्याकडे जाऊन जाळ्याचा तुकडा मागून आणला. मग ते दोन्ही आणि मुळ्यांतलं निळं, असे तीन नमुने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. जाळ्याचा धागा गोल, शेवईसारखा. ताडपत्रीचा भुगा चपटा, कडेला फाटलेला. आणि मुळ्यांतलं जवळजवळ सगळं चपटं. मला बघायला लावलं तेव्हा त्यांनी निरीक्षण का अनुमान असं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीला निघाले तर फळ्यासमोर गर्दी होती. जुन्या दोन ओळी तशाच होत्या. अनुमानावरून एक सरळ रेघ. खाली लिहिलं होतं: ‘माझं अनुमान चुकलं. हे निळं माझ्या पडवीतून गेलं होतं. शेवंतीच्या टोपलीतून ते मला परत आलं.’ आणि बाजूला, प्रदर्शनात लावतात तशी, खुंटीला ताडपत्री टांगलेली. लोक वाचत होते आणि गुपचूप आपापल्या घरांकडे बघत होते. फोटो मात्र कोणी काढत नव्हतं. मी माझ्या फोनवर काढला आणि शिपायाला पाठवून सांगितलं, हा पण फिरव.

त्या दुपारी बाई शेवंतीच्या घरी गेल्या. मला अर्धी रजा टाकायला लावून सोबत नेलं. कशाला ते तिथे गेल्यावर कळलं, शेवंतीच्या दारापर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही. खाडीकाठी शेवंतीचं ठेंगणं घर. ती दारात भात वाळवत होती. बाई उभ्यानेच म्हणाल्या, “शेवंती, ऐक गो. चूक मी केली आणि शिक्षा तुझ्या टोपलीला झाली.”

शेवंतीने पाट पुढे केला. मग तिने विचारलं ते अगदी मुद्द्याचं होतं. “मंग आता लोकांना काय सांगू? मुल्यांत प्लास्टिक नाय, आसा?”

“ते खोटं होईल,” बाई म्हणाल्या.

“मंग लांजाच बरा.”

माझ्या मनात आलं, बाई, एवढं एक खोटं बोला. एकदाच. तुमच्या एका ओळीने तिचं घर बसलं, एका ओळीने उठेल. मी हे बोलले नाही, पण बाईंना ते ऐकू आलं असावं, कारण त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी वाळत घातलेल्या भाताकडे बघायला लागले. मग त्या शेवंतीला म्हणाल्या, “महिनाभर थांब. मुळे वाळू ओकतात ना? मग हेही ओकत असतील. बघू या.”

झालं, बाईंच्या पडवीची प्रयोगशाळा झाली. शेवंतीने भरतीच्या वेळचं खाडीचं पाणी आणायचं, दोघींनी ते चौपदरी लुगड्यातून गाळायचं, मातीच्या पसरट परळांत ओतायचं आणि त्यात मुळे ठेवायचे. मध्ये एकदा पाणी बदलायचं. सुरुवातीला निम्मे मुळे मेले, पडवीत असा वास सुटला की मी दोन रात्री कचेरीतल्या मैत्रिणीकडे काढल्या. मग पाण्याची खोली जमली, सावली जमली. मुळे तोंडं उघडून बसायला लागले. सकाळी ओकलेलं पाणी गाळलं की फडक्यावर वाळू आणि निळं, आणि मुळ्यांच्या पोटात आधीपेक्षा कमी निळं. बाई रोज तपासायच्या. कमी, पण आहे. आहे, पण कमी. शेवंती भिंगातून बघायला शिकली आणि बाईंच्यावर ताण करून कण शोधायला लागली, त्यावरून दोघींची भांडणंही झाली.

मग एका रविवारी बाई स्वतः टोपलीबरोबर नाक्यावर जाऊन उभ्या राहिल्या, गळ्यात भिंग. कोणी विचारलं, आता प्लास्टिक नाही ना? बाई म्हणायच्या, “आहे. कमी झालंय. संपलं असं मी म्हणणार नाही.” मला वाटलं, अशाने एक गिऱ्हाईक उभं राहणार नाही. पण झालं उलटंच. बाजारात सगळं शुद्ध आणि ताजं असतं, तिथे ‘थोडं आहे’ म्हणणारी टोपली लोकांना खरी वाटली. पहिल्यांदा घेतले ते शेजारच्या काकांनी, मोहोराचा राग गिळून. त्या दिवशी मीही मुळे खाल्ले, आयुष्यात प्रथम. आधी घोट घोट पाणी पीत खाल्ले, मग नुसते खाल्ले. टोपली अर्धी गेली. पुढच्या बुधवारी अर्ध्याहून जास्त.

“लांज्याला कधी जातेस?” मी शेवंतीला विचारलं.

“पुढल्या म्हयन्यात,” ती म्हणाली.

चैत्रात बाईंनी झाप विणायचं काढलं. लहानपणी आईबरोबर विणले होते, त्यामुळे येतं असा त्यांचा दावा. पहिला झाप बघून शेवंती इतकी हसली की तिला ठसका लागला. शेवंतीचा त्याहून बरा होता असं नाही. चुडतं भिजत घालायची किती, पाती कुठून कशाखाली घालायची, यावर दोघींची मतं वेगळी होती आणि दोघींच्याही बोटांना चिरा पडल्या होत्या. मला एक बाजू धरून बसवायचे. त्या पावसाळ्यात पडवीत आडवी झड थेट आत आली, बाईंची पुस्तकं भिजली, सूक्ष्मदर्शक आठवडाभर माझ्या कपाटात पाहुणा होता. आळीने यथेच्छ चेष्टा केली. पुढल्या वर्षी झाप घट्ट बसले. त्याच्या पुढल्या वर्षी काकांनी विचारलं, जादा आहेत काय तुमच्याकडे विणलेले? शेवंतीच्या सासूने खाटेवर बसल्या बसल्या विणायला घेतले आणि सोडवेना. सगळ्या आळीच्या ताडपत्र्या काही गेल्या नाहीत. गोठ्यांवर आहेत, लाकडांवर आहेत. पण खांबाखांबाला निळं दिसायचं ते दिसेनासं झालं.

माझी बदली परत घाटावर झाली तेव्हा बाईंनी निरोपाला सोडणाच्या घासण्यांची जुडी दिली. मी रडले. बाईंनी भिंग काढून माझ्या गालाजवळ आणलं, म्हणजे मला हसू यावं म्हणून, आणि ते आलंही.

गेल्या हिवाळ्यात रत्नागिरीला गेले होते. बाईंच्या दोन्ही डोळ्यांत आता पडदा आला आहे. एकाचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचं आहे. सूक्ष्मदर्शकात बघता येत नाही म्हणून त्या फार चिडचिड करतात असं शेवंतीने फोनवर सांगितलं होतं. मी आळीत उतरले तर फळा जागेवर होता. तड्याला आता तार बांधली होती. अक्षर मात्र बाईंचं नव्हतं. जाड, तिरपं, एकेक मात्रा जपून दिलेलं. ओळी मात्र त्याच दोन.

निरीक्षण: आज मुळे गाळलेल्या पाण्यातले. निळं थोडं. टोपली नऊच्या आत रिकामी.

खाली ‘अनुमान’ एवढाच शब्द, पुढे काही नव्हतं.

पडवीत बाई काळा चष्मा लावून बसल्या होत्या आणि पायरीवर शेवंती रिकामी टोपली उपडी टाकून पाणी पीत होती. मी विचारलं, अनुमान का सोडलंत? शेवंती म्हणाली, “बाई म्हनतात, घाई करू नको. मी घाई करत नाय.” बाईंनी आवाजावरून मला ओळखलं. म्हणाल्या, “आल्या का घाटावरच्या? तुम्ही लिहा. तुम्हाला अनुमानाची फार हौस.” आणि त्यांनी चाचपून मला खडू दिला.

मी फाटकाशी गेले. पाच वर्षं त्या घरात राहिले, आणि तेवढ्या काळात माझं एकही अनुमान रेघेशिवाय सुटलं नव्हतं. तरी लिहिलं. मग बाई उठल्या, शेवंतीचा हात धरून फळ्यापर्यंत आल्या, बऱ्या डोळ्यावरचा चष्मा वर केला आणि नाक फळ्याला लागेल इतक्या जवळ जाऊन त्यांनी ते वाचलं.

‘शेवंती लांज्याला जात नाही.’

शेवंती म्हणाली, “पुढल्या म्हयन्यात जानार,” आणि हसायला लागली. बाईंनी माझ्या हातातला खडू घेतला. मी वाट बघत राहिले. त्यांनी तो खिळ्यावरच्या डबीत ठेवला, हात पदराला पुसले आणि रेघ न मारता आत चहा टाकायला गेल्या.